किटमधून युकुलेले जोडतोय, घोडी नेमकी कुठे बसवू? (नाशिक)

टूलरूम_अंबड · ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितोय.

मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे, ३१ वर्षं झाली. डाय बनवायच्या, दुरुस्त करायच्या, हेच काम. लोखंडाशी माझं जमतं, लाकडाला मात्र आजवर हात लावला नव्हता. वडील पंचवटीतल्या एका भजनी मंडळात विणेकरी होते. ते गेल्यापासून त्यांची वीणा घरी भिंतीवर आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत तिची दांडी भोपळ्याला मिळते तिथे चीर पडली. ती दुरुस्त व्हावी असं फार वाटतं. पण वडिलांच्या वीणेवर हात शिकायचा नाही, एवढं मी ठरवलेलं आहे. आधी एखादं छोटं वाद्य स्वतः जोडून पाहावं, म्हणून युकुलेलेचा (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) किट मागवला.

किटमध्ये बॉडी तयारच आली, बासवूडची. बाकी दांडी, पडदे (धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या) ठोकलेली पट्टी, घोडी (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती), चार खुंट्या, मेरूची (दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती) आणि घोडीवरची अशा दोन पांढऱ्या पट्ट्या, नायलॉनच्या तारा आणि चित्रांचा एक कागद. दांडी आणि पडद्यांची पट्टी चिकटवून झाली. फेविकॉल लावून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून २४ तास ठेवली. जोड सरळ आला आहे, फीलर गेज लावून पाहिला.

अडलंय ते घोडीपाशी. बॉडीवर घोडीसाठी पेन्सिलची खूण करूनच दिली आहे. स्टीलच्या पट्टीनं मोजलं तर मेरूपासून त्या खुणेपर्यंत ३७९ मिमी भरतं. कागदावर लिहिलंय ३८१. आणि मेरू ते बारावा पडदा मी तीनदा मोजला, १९०.५ येतो. म्हणजे खूण आणि कागद एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पडद्याचं माप कशाशी लावायचं ते कळत नाही. टूलरूममध्ये अशा वेळी ड्रॉइंग खरं मानायचं असतं. इथे खरं काय मानू?

मोगरी · ५ मे, सकाळी ७:१५

दादा, चिकटवण्याची घाई करू नका. घोडी एकदा चिकटली की काढताना वरच्या पातळ फळीची सालं निघतात.

माझे वडील सुतार होते, मी स्वतः सातपूरला फर्निचरची कामं घेते. वाद्याचं मला कळत नाही, लाकडाचं कळतं. एक सांगा, जोडातून बाहेर आलेला फेविकॉल ओला असतानाच पुसलात ना? कोमट पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासून काढायचा, मग कोरड्या फडक्यानं टिपायचं. वाळल्यावर तो डोळ्यांना दिसत नाही, पण पॉलिशचा पहिला हात दिला की तेवढीच जागा फिकट राहते आणि ती मग कशानंही जात नाही.

षड्ज_पांढरी१ · ५ मे, दुपारी ३:३०

मी कॉलेज रोडला मुलांना गाणं आणि पेटी शिकवते, काही मुलं युकुलेलेही आणतात. तुमच्या तीन मापांपैकी खरं माप बाराव्या पडद्याचं. ते हलवता येत नाही, म्हणून बाकी सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

थोडं सविस्तर सांगते. तारेची लांबी निम्मी केली की वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. पडद्यांच्या वाद्यावर ते सप्तक १२ सारख्या पायऱ्यांत वाटलेलं असतं आणि प्रत्येक पायरीला कंपनसंख्या १.०५९५ पटीनं वाढते. ३८१ मिमीच्या तारेवर पहिला पडदा मेरूपासून २१.४ मिमीवर येतो, पुढचं अंतर कमी कमी होत जातं आणि बारावा बरोबर मध्यावर, १९०.५ वर. तुमचा पडदा तिथेच आहे, म्हणजे पट्टी ३८१ ची आहे आणि बरोबर कापलेली आहे. चूक बॉडीवरच्या खुणेत आहे.

पण घोडी ३८१ वरही बसवू नका. पडद्यावर बोट दाबताना तार थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. ते चढणं भरून काढायला घोडी जरा मागे घ्यावी लागते, या मापाच्या युकुलेलेला साधारण २ मिमी. म्हणजे ३८३ च्या आसपास.

सतारीला हा प्रश्न पडत नाही. तिचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, स्वर चुकला की सरकवायचे. इथे पडदे खाचेत ठोकलेले. सगळी भिस्त घोडीवर.

गंगाकाठ · ५ मे, रात्री १०:०२

तयार युकुलेले किटपेक्षा स्वस्त मिळतं की. एवढा खटाटोप कशाला?

टूलरूम_अंबड · ५ मे, रात्री १०:५०

गंगाकाठ, खरं आहे, स्वस्त मिळतं. पण तयार वाद्य आणलं असतं तर घोडी दोन मिलिमीटर मागे का असते हे मला जन्मात कळलं नसतं. हे कळल्याशिवाय वीणेला हात लावणं मला बरोबर वाटत नाही.

षड्ज ताई, फार आभार. "साधारण" आणि "आसपास" हे शब्द मात्र मला झोपू देणार नाहीत. ३८२ की ३८४ हे कसं ठरवायचं?

मिरज_लाईन · ६ मे, सकाळी ११:२०

काका, मी मिरजेचा, सध्या नोकरीनिमित्त नाशिकरोडला. आमचं घर सतारमेकर गल्लीच्या जवळ, लहानपण त्या ओट्यांवर बसून गेलं. मी कारागीर नाही, पण पाहिलेलं सांगतो.

तंबोऱ्याची घोडी तारांच्या दाबानं जागेवर बसते, थोडी पुढेमागे सरकवता येते. तुम्हीही तसंच करून बघा. घोडी चिकटवण्याआधी ती तंबोऱ्यासारखी नुसती ठेवा. बॉडीच्या बुडाशी आतून लाकडी ठोकळा असतो, त्यात बाहेरून एक छोटा स्क्रू पिळा. नंतर तोच पट्टा अडकवायला उपयोगी पडेल. एक तार त्या स्क्रूला बांधा, घोडीवरून नेऊन खुंटीत घाला आणि बेताची ताणा. आता बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा स्वर येईल. मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही स्वर एक आले की घोडी जागेवर आहे. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मेरूपासून लांब सरकवा, उतरलेला असेल तर जवळ आणा.

चारही तारांवर एकेक करून हे करा. सगळ्यांची जागा नेमकी एक येणार नाही, मधली धरायची.

षड्ज_पांढरी१ · ६ मे, सकाळी ११:४५

फार सुंदर उपाय. मुलांना दाखवण्यासारखा आहे.

टूलरूम_अंबड · १० मे, रात्री ११:१५

आज रविवारी सकाळपासून हेच केलं. सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

आधी मध्यरेषा पाहिली. मेरूच्या दोन टोकांपासून दोन शिवणकामाचे दोरे घोडीच्या दोन टोकांपर्यंत ताणले आणि वरून बघितलं. डावा दोरा पडद्यांच्या पट्टीच्या कडेपासून साडेतीन मिमी आत, उजवा दोन. म्हणजे घोडी एका बाजूला सरकली होती. दोन्हीकडे सारखं अंतर येईपर्यंत हलवली आणि कडेनं बारीक टोकाच्या पेन्सिलनं रेघ मारली. नुसत्या पट्टीनं मोजून हे मला दिसलं नसतं, दोऱ्यानं लगेच दिसलं.

मग तार बांधली, बुडाच्या स्क्रूला. घोडी प्रथम मुद्दाम किटच्याच खुणेवर, ३७९ वर ठेवली. फोनवरच्या ट्यूनरमध्ये टेकवलेला स्वर शून्यावर आणि दाबलेला १८ सेंट वर. अर्ध्या स्वराचे १०० सेंट, म्हणजे जवळजवळ पाचवा भाग चढा. मला गाण्याचा कान नाही, तरी हा फरक मला नुसताच ऐकू आला. खुणेवर चिकटवली असती तर वाद्य कायमचं बेसूर झालं असतं आणि दोष मी माझ्या बोटांना दिला असता.

सरकवत सरकवत 'ध'ची बारीक तार ३८२.५ वर जुळली आणि 'सा'ची जाड तार ३८४ वर. बाकीच्या दोन मध्ये. मी ३८३ धरलं.

ती जागा हातची जाऊ नये म्हणून घोडीच्या खाचेत दोन टोकांना दीड मिमीची दोन भोकं पाडली, खाली फळीतून आरपार, आणि त्यात बांबूच्या काड्या बसवल्या. आता चिकटवताना घोडी घसरणार नाही. डायमध्ये डॉवेल पिन घालतो तीच युक्ती.

मिरजेच्या भावाला मनापासून नमस्कार.

नवशिकी_सिडको · ११ मे, दुपारी १:०५

काका, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिडकोत राहते. मला गिटारचा किट घ्यायचा आहे, स्टीलच्या तारांचा. हे सगळं तसंच लागू होईल का?

मिरज_लाईन · ११ मे, दुपारी २:३०

घोडीची जागा काढायची रीत तीच. ओढ मात्र खूप वेगळी. युकुलेलेच्या चार नायलॉन तारा मिळून १५ ते २० किलोची ओढ देतात. स्टीलच्या सहा तारा ७० किलोच्या आसपास. एवढ्या ओढीखाली दांडीचा जोड जरा जरी कच्चा राहिला तरी वर्षभरात दांडी पुढे येते आणि तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. पहिलं वाद्य युकुलेलेच घे असं मी सांगेन.

टूलरूम_अंबड · ११ मे, रात्री ९:२०

सहमत. आणि ताई, पैशाचा विचार असेल तर आधी माझं वाद्य येऊन बघ, मग ठरव.

मला आता पॉलिशबद्दल विचारायचं होतं. कागदावर स्प्रे लॅकर लिहिलाय. मोगरी ताई, तुम्ही काय सांगाल?

मोगरी · १२ मे, रात्री १०:१०

स्प्रे करू नका असं नाही, पण घरात त्याचा वास आणि उडणारी धूळ सांभाळता येत नाही. लाखेचं पॉलिश करा. आमच्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. हातानं होतं, पातळ बसतं, आणि चुकलं तर स्पिरिटनं पुसून पुन्हा करता येतं. पहिल्या वाद्याला हा शेवटचा गुण सगळ्यांत मोठा.

आधी घासणं. १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग १८०, मग २४०, शेवटी ३२०. पेपर छोट्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा आणि रेषेच्या दिशेनंच चालवा. आडवा एक हात जरी गेला तरी तो ओरखडा पॉलिशखाली दुप्पट दिसतो. २४० नंतर ओलसर फडकं फिरवून लाकूड वाळू द्या. हात फिरवलात की गालावर दाढी वाढल्यासारखं खरखरीत लागेल. ते उठलेले तंतू ३२० नं अलगद काढा. बासवूड मऊ असतं, नख लागलं तरी खूण पडते. खाली जाड चादर घालूनच काम करा.

लाखेची चपडी मेन रोडकडच्या जुन्या रंगाच्या दुकानांत सुटी मिळते. एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम, तुम्हाला पाव लिटर पुरे. रात्रभर काचेच्या बरणीत भिजत ठेवा, मधूनमधून हलवा, सकाळी मलमलीतून गाळा. जुन्या सुती बनियनचा बोळा, त्यावर धुवट मलमल, हे आपलं हत्यार. बोळ्यात पॉलिश आत घालायचं, बाहेरून बुडवायचं नाही. तळहातावर टेकवला तर ओल लागावी, थेंब पडू नये. हात थांबवायचा नाही. विमान धावपट्टीला टेकून पुन्हा उडतं तसा एका टोकानं आत यायचं आणि दुसऱ्या टोकानं बाहेर. एका दिवसात तीन हात, मग दुसऱ्या दिवशी. दहा-बारा हातांनंतर झळाळी दिसेल.

आणि हे सगळं मे महिन्यातच उरका. पावसाळी दमट हवेत लाखेचं पॉलिश दुधाळ होतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतला ओलावा त्यात अडकतो. मृग लागला की आम्ही पॉलिशची कामं पुढे ढकलतो.

टूलरूम_अंबड · १२ मे, रात्री १०:४०

ताई, हे छापून भिंतीवर लावतो.

टूलरूम_अंबड · ३ जून, रात्री ९:५५

वाद्य वाजलं!

पॉलिशचे चौदा हात झाले. दांडीच्या बुडाशी एके ठिकाणी अंगठ्याएवढी फिकट जागा राहिली आहे. मोगरी ताई म्हणाल्या तोच फेविकॉल. ती मी तशीच ठेवली आहे.

पडद्यांबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. किट आला तेव्हा पट्टीच्या कडेनं बोट फिरवलं की पडद्यांची टोकं करवतीसारखी लागायची. मी समजलो पडदे लांब कापलेत. घरात एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे, मे महिन्यात दुपारी तो २८ टक्के दाखवत होता. लाकूड वाळून आक्रसलं, धातू होता तेवढाच राहिला, म्हणून टोकं बाहेर आली. नीडल फाइलनं ती ४५ अंशात उतरवली आणि लाकडाला फाइल लागू नये म्हणून कडेला मास्किंग टेप लावली. मग पडद्यांच्या डोक्यांवर मार्करनं शाई फासून सपाट दगड फिरवला. ज्या पडद्याची शाई गेली तो उंच. पाचवा आणि नववा निघाले. हे काम माझं रोजचंच आहे, एवढ्यात मला अडचण आली नाही.

बाराव्या पडद्यावर तारेची उंची २.८ मिमी ठेवली आहे. तारा अजून सारख्या उतरतात, सकाळी लावल्या की संध्याकाळी अर्धा स्वर खाली.

षड्ज_पांढरी१ · ४ जून, सकाळी ८:२०

अभिनंदन! नायलॉनच्या नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात, काळजी नको.

आता एक गंमत करून बघा. पेटीची पांढरी एक म्हणजे सा धरला तर तुमच्या चार मोकळ्या तारा वरून खाली प, सा, ग, ध अशा लागतात. वरची प ची तार सा पेक्षा उंच असते, हे या वाद्याचं वैशिष्ट्य. म्हणजे भूप रागातले पाचपैकी चार स्वर मोकळ्या तारांवरच आहेत. उरला रे, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर. आणि ध च्या तारेवर तिसरा पडदा दाबला की तार सा. डाव्या हाताची फक्त दोन बोटं वापरून भूपाचा आरोह-अवरोह येतो. मुलांना मी पहिल्या दिवशी हाच देते.

हे वाद्य हवाई बेटांचं मानतात, पण आलं पोर्तुगीजांच्या मदीरा बेटावरून. १८७९ च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजातून मजूर म्हणून होनोलुलूला उतरलेल्या लोकांत मॅन्युएल नुनेश, ऑगुस्टो डियाश आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघं होते. मुळात फर्निचर करणारे सुतार. त्यांनी आपल्या गावच्या छोट्या वाद्यावरून हे घडवलं. मोगरी, हे खास तुझ्यासाठी लिहिलं.

मोगरी · ४ जून, सकाळी ९:०५

वाचून अंगावर काटा आला. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

टूलरूम_अंबड · २१ जुलै, सकाळी ६:३०

वाईट बातमी आहे. काल रात्री अडीचच्या सुमारास कपाटावरून 'ठाप्' असा आवाज आला. उठून पाहिलं तर घोडी निघून तारांना लटकत होती. तारा ताणलेल्याच ठेवल्या होत्या, त्यामुळे घोडीनं बॉडीवर एक ओरखडाही काढला.

आर्द्रता ८५ टक्के. पंधरा दिवस नाशिकला ऊन नाही, गोदेला पाणी चढलंय. दमटपणानं फेविकॉल सुटला का? घोडीच्या पोटाला पाहिलं तर लाकडाचा एक तंतूही चिकटून आलेला नाही. तळ काचेसारखा गुळगुळीत.

मोगरी · २१ जुलै, सकाळी ७:१०

दादा, घोडी पॉलिशवर चिकटवली होती का? खालचं पॉलिश खरवडलं होतंत?

टूलरूम_अंबड · २१ जुलै, सकाळी ७:१८

नाही. पॉलिश पूर्ण केलं आणि त्यावरच चिकटवली.

मोगरी · २१ जुलै, सकाळी ७:४०

तेच कारण. फेविकॉल लाकडाच्या छिद्रांत शिरतो तेव्हा धरतो. लाखेचा थर मध्ये असला तर तो लाखेला चिकटतो, आणि लाख दमट हवेत मऊ होते. जोड चांगला असता तर घोडीबरोबर लाकडाचे तंतू उपटून आले असते. हे मी मे महिन्यात पॉलिश सांगतानाच सांगायला हवं होतं, माझं चुकलं. आम्ही फर्निचरमध्ये आधी जोडतो आणि मग पॉलिश करतो, त्यामुळे उलट क्रम माझ्या डोक्यातच आला नाही.

आता असं करा. घोडीच्या कडेनं मास्किंग टेप लावा. नवं ब्लेड उभं धरून टेपच्या आतलं पॉलिश खरवडा, कोरं लाकूड दिसेपर्यंत. कडेपासून अर्धा मिमी आतच थांबा, नाहीतर घोडीबाहेर पांढरी रेघ दिसेल. घोडीचा तळही १८० नंबरनं हलका घासा. फेविकॉल पातळ, दोन्ही बाजूंना. दाबून ठेवायला काय आहे तुमच्याकडे?

टूलरूम_अंबड · २६ जुलै, रात्री १०:३०

मागच्या वेळी घोडीवर दोन किलोची वजनं ठेवली होती. या वेळी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत १० मिमीच्या पट्टीचा सी-क्लॅम्प बनवला, ११० मिमी खोल गळ्याचा, म्हणजे तो आवाजाच्या भोकातून आत जातो आणि फळीच्या खालून घोडीच्या बरोबर मधोमध टेकतो. आतून लाकडी पट्टी, बाहेरून घोडीच्या आकाराचा ठोकळा, दोन्हीला चामडं लावलं. स्क्रू आवळताना चारही बाजूंनी फेविकॉलचे बारीक मणी बाहेर आले. ते दिसल्यावर जोड भरला याची खात्री पटली. टूथब्रशनं लगेच साफ केले.

बांबूच्या काड्यांमुळे घोडी नेमकी त्याच जागी, ३८३ वर बसली. पुन्हा मोजावं लागलं नाही.

क्लॅम्प एक दिवस ठेवणार आहे, पण तारा चार दिवसांनी चढवीन. हवा दमट आहे, पाण्याचा फेविकॉल वाळायला वेळ घेणार.

मोगरी ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही नसतात तर मी पुन्हा पॉलिशवरच चिकटवली असती.

टूलरूम_अंबड · १९ ऑगस्ट, रात्री ९:१०

तीन आठवडे झाले, घोडी पक्की आहे. तारेची उंची मात्र २.८ ची ३.१ झाली आहे, बहुधा वरची फळी ओल्या हवेनं फुगून वर आली. घोडीवरची पांढरी पट्टी घासून कमी करणार होतो, मग थांबलो. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की फळी पुन्हा खाली बसेल आणि तेव्हा तारा पडद्यांवर खरखरतील. लोखंडात असा विचार करावा लागत नाही, तिथे २० अंशाला मोजलं की काम संपतं.

भूप येतो आहे. हळू, पण येतो आहे. घरात आई ८१ वर्षांची आहे. रे लागला की ती मान हलवते, चुकला की बघते माझ्याकडे.

आता वीणेकडे वळायचं म्हणतो. चिरेत फेविकॉल भरून आवळावं का?

मिरज_लाईन · २० ऑगस्ट, सकाळी १०:००

काका, एवढं करू नका, हात जोडून सांगतो.

जुनी वाद्यं बहुतेक सरसानं (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या डिंकानं) जोडलेली असतात. सरस ऊब आणि वाफ दिली की सुटतो. त्यामुळे शंभर वर्षांनीसुद्धा कारागीर जोड उघडून पुन्हा बसवू शकतो. चिरेत एकदा फेविकॉल गेला की तिथे सरस पुन्हा धरत नाही, आणि पुढच्या माणसाला ते लाकूड कापूनच काढावं लागतं. दांडी आणि भोपळा जिथे मिळतात त्याला आमच्याकडे गुलू म्हणतात. सगळ्या तारांची ओढ तिथे येते. चीर वरून बारीक दिसते पण आत जोड किती उघडला आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

मिरजेला घेऊन चला. १९ व्या शतकाच्या मध्यापासून तिथे सतारी-तंबोरे बनवायचं काम चालू आहे, मूळची शस्त्रं घडवणारी, धार लावणारी घराणी या कामात आली. लोखंडावर चालणारा हात लाकडावर वळला, तुमच्यासारखाच. भोपळे आजही पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

षड्ज_पांढरी१ · २० ऑगस्ट, दुपारी ४:१५

नाशिक-मिरज हा रस्ता तसा जुना आहे. गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि उत्तर आयुष्यात आपल्या नाशिकला पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. शेवटी १९३१ मध्ये त्यांचं देहावसान झालं ते पुन्हा मिरजेतच. तुमच्या वडिलांची वीणा पंचवटीतली. जाऊन या.

टूलरूम_अंबड · २० ऑगस्ट, रात्री ११:००

वीणेला हात लावत नाही. तारा उतरवून, सुती धोतरात गुंडाळून ठेवली आहे. एवढं केलेलं बरोबर आहे ना?

मिरज_लाईन · २१ ऑगस्ट, सकाळी ८:३०

तारा पूर्ण काढू नका, सैल करा. घोडी जागेवर राहू द्या. बाकी बरोबर.

टूलरूम_अंबड · १६ नोव्हेंबर, रात्री ८:४५

दिवाळीनंतर मिरजेला जाऊन आलो, मिरज_लाईन सोबत होते. कारागिरांनी वीणा मांडीवर घेतली, कानाजवळ धरून भोपळ्यावर टिचकी मारली, मग चिरेवरून अंगठा फिरवला. एकही माप घेतलं नाही. म्हणाले, भोपळा शाबूत आहे, गुलूचा जोड एका बाजूनं सुटलाय, उघडून पुन्हा बसवू. मी विचारलं, मला बघायला मिळेल का? म्हणाले, बसा.

दोन दिवस बसलो. जोड उघडला तेव्हा आतून जुन्या सरसाचा तपकिरी थर निघाला, गुळाच्या चिक्कीसारखा. तो वाफेनं मऊ करून लाकडी पट्टीनं खरवडला, लोखंडाचं काहीही वापरलं नाही. माझा युकुलेले सोबत नेला होता. त्यांनी तो घेऊन दाबून पाहिला, बारावा पडदा छेडला, घोडीच्या कडेला नख लावून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "जागा बरोबर आहे."

वीणा महिन्याभरात मिळेल. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते, वडील दरवर्षी जायचे. त्यांच्या मंडळातल्या आजच्या विणेकऱ्यांना सांगितलं आहे, या वर्षी हीच वीणा घेऊन जा.

मोगरी · १६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

दादा, डोळ्यांत पाणी आलं.

नवशिकी_सिडको · १७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

काका, मी युकुलेलेचाच किट घेतला, परवा आला. बॉडीवर घोडीची खूण आहेच, मेरूपासून किती येतं ते अजून मोजलं नाही कारण दांडी चिकटवलेली नाही. रविवारी येऊ का तुमच्याकडे?

टूलरूम_अंबड · १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

ये. दांडी चिकटवू नकोस, सगळं सुटंच आण. पॉलिशही करू नकोस. सी-क्लॅम्प, दोरा आणि बुडाला लावायचा स्क्रू माझ्याकडे आहे. मोगरी ताई चपडी घेऊन येते म्हणाल्या आहेत, अकराला या दोघी.